बिटर लेक, मतदान केंद्र क्रमांक सतरा

मतपेटी कर्लिंगच्या हॉलमध्ये ठेवतात.
बर्फाचा लांब पट्टा फळ्यांनी झाकलेला,
तरी थंडी तळव्यातून वर चढतेच.
मी लीगची पोलिंग एजंट. खुर्ची तीच,
तिच्या एका आखूड पायाखाली घडी घातलेला कागद,
बहुधा आमचाच जुना जाहीरनामा.

लीग जन्मली चर्चच्या तळघरात.
वडील हँडल फिरवून पत्रकं काढत,
बोटं शाईने निळी,
आणि रविवारी प्रार्थनेला जोडलेले हातही निळेच.
आईने बीटचं सूप केलं होतं. माणसं अकरा.
पुढे घराघरातून सांगू लागले,
आमचे आजोबा त्या अकरांत होते.
मी एकदा मोजले. एकशे चाळीस भरले.

पहिल्या खेपेला तीन जागा. लोक हसले.
मग एकोणीस. मग कुणी हसलं नाही.
त्रेसष्ट साली सरकारच आलं.
आमचा ऑर्विल टँगेन शपथ घ्यायला उभा राहिला
तो गोठ्यातल्या बुटांनीच,
राजधानीच्या लाल गालिच्यावर.
फोटो कमरेपर्यंतच आहे.

आम्ही रस्ते केले, खेड्याखेड्यात वीज नेली.
रविवारचे सिनेमे आम्हीच बंद केले.
आणि शाळेतल्या एका बाईंना गावातून घालवलं,
कशासाठी, ते तेव्हाही कुणी मोठ्याने बोललं नाही.
कुठल्याच अहवालात त्यांचं नाव नाही,
म्हणून इथे लिहिते: युस्टीना काल्मन.
त्यांची ट्रंक स्टेशनवर नेऊन ठेवली
ती माझ्या वडिलांनीच.

मग फूट.
रविवारी पेट्रोल विकावं की नाही, एवढ्यावरून
भाऊ भावाच्या मयताला गेला नाही.
दोन लीग झाल्या, जुनी आणि खरी.
जुनीला सात जागा, खरीला दोन,
आणि सरकार तिसऱ्यांचं.
त्यानंतर उतार. रेल्वेचा फाटा उखडला,
धान्याची कोठारं पाडली,
पोरं तेलाच्या विहिरींवर गेली ती गेलीच.
आमचे उमेदवार म्हातारे होत गेले, भाषणं लांबत गेली,
डिपॉझिट जप्त व्हायची सवय झाली.
गेल्या खेपेला या केंद्रावर लीगला मत पडलं एक.
कुणाचं, ते विचारायची गरज कुणाला पडली नाही.

तारासशी लग्न ठरलं तेव्हा
वडिलांनी त्याला एकच विचारलं होतं, मत कुणाला देतोस?
तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, गुप्त असतं ना ते?
चाळीस वर्षं 'तुमची लीग' म्हणत आला.
'आपली' एकदाही नाही.
मळणीयंत्रात त्याची दोन बोटं गेली,
तेव्हापासून पेन्सिल मुठीत धरतो, पहारीसारखी.

या वेळी मोजणी लवकर आटोपली.
मोठे गठ्ठे रबरबँडात गेले,
आणि आमच्या नावाच्या जागी दोन कागद.
एक माझा. फुली सरळ, टोकाला टोक,
वडिलांनी शिकवलेली.
दुसऱ्यावरची फुली कललेली,
पेन्सिल इतकी दाबलेली की कागद फाटायला आलेला,
खालचा पाय वर्तुळाबाहेर.

समोरच्या पक्षाचा कोवळा पोरगा म्हणाला, हे बाद करा.
अधिकारीबाईंनी कागद दिव्यापुढे धरला,
मग माझ्याकडे पाहिलं.
एवढ्या वर्षांत मी एकाही मतासाठी भांडले नव्हते.
जिंकताना गरज नव्हती, हरताना उपयोग नव्हता.
त्या दिवशी उठले, नियमावली मागितली,
पान काढलं, बोट ठेवलं.
हेतू स्पष्ट असेल तर मत ग्राह्य.
हेतू स्पष्ट आहे, मी म्हणाले,
आणि आवाज भलतीकडेच गेला.

घरी आले तर किटली चढवलेली.
किती? त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.
दोन.
त्याने कप विसळले, फडक्याने पुसले,
उरलेल्या तीन बोटांत साखरेचा डबा धरून म्हणाला,
वाढतेय की तुमची लीग.