अकरा शर्ट, एक चादर

बसा. त्या खुर्चीचा पाय मोडका आहे,
या पेटीवर बसा.
बॉस्टनहून आलात एवढ्या थंडीत,
हडसन गोठलेली, बोटी बंद,
आणि कशासाठी,
तर ऑरिन व्हेदरबीच्या हातचं काही
ओनोरा टीहनकडे असेल म्हणून.

हिशेब आहे त्याचा. दारामागे बघा.
उभी रेघ म्हणजे शर्ट, आडवी म्हणजे चादर.
अकरा शर्ट, एक चादर. पैसे यायचेत.
रेघा मात्र माझ्या हातच्या.
मला तेवढंच लिहिता येतं.

तुम्ही त्याची पुस्तकं वाचलीत,
मी त्याचे कपडे.
पहिल्या वर्षी कॉलरला खळ कडक हवी असायची,
खिशात नाटकाच्या तिकिटाचा कपटा,
लव्हिनियाबाईंच्या परकराला गवताचे डाग.
नदीकाठी बसत असणार दोघं.
दुसऱ्या वर्षी झबली. सोळा.
दोरीवर घातली की कालव्यावरचे नावाडी
टोपी काढून हसायचे.
मार्चमध्ये झबली यायची थांबली.
मी विचारलं नाही. माझीही दोन गेलेली.

मग रुमाल.
आधी गुलाबी ठिपका, मुरंबा सांडल्यासारखा,
पुढे ठिपका कुठला, आख्खा रुमालच.
रक्ताला गरम पाणी लावू नये, साहेब,
डाग धरून बसतो.
कालव्याचा बर्फ फोडून पाणी आणायची मी,
बोटं आपली आहेत की दुसऱ्या कुणाची
ते संध्याकाळपर्यंत कळायचं नाही.
चादर तिची शेवटची.
तिचे पैसे धरणार नव्हते,
पण रेघ आधीच ओढून झाली होती.

त्यानंतर शर्टांना रमचा वास.
एकदा उलटीचा.
एकदा कर्जबुडव्यांच्या तुरुंगातल्या पेंढ्याचा.
कॉलर विरली म्हणून उलटून शिवलेली,
आडदांड, पुरुषी टाके.
रात्री स्वतःच शिवत असणार.

आणि कफांवर शाई.
कागद महाग, म्हणून सुचलं की बाहीवरच लिहायचा,
मनगटापासून कोपरापर्यंत मुंग्यांची रांग.
मला काय ठाऊक? माझ्यासाठी अक्षर म्हणजे डाग.
आंबलेल्या दुधात रात्रभर भिजवायचं,
सकाळी राखेचं पाणी,
नाही निघाला तर पुन्हा राखेचं पाणी.
शाई हट्टी, मी तिच्याहून हट्टी.
लोक म्हणायचे, ओनोराच्या हातून शाईसुद्धा सुटते.
मान ताठ व्हायची माझी.

एकदा धावत आला, कोट नाही, टोपी नाही.
“परवाचा शर्ट! डावी बाही!”
मी दोरीकडे बोट दाखवलं.
गोठून पाट झालेला,
दोन्ही हात पसरून लटकलेला.
इतका पांढरा शर्ट मी जन्मात धुतला नव्हता.
बाहीपाशी उभा राहिला तो,
नखानं हिम खरवडत राहिला,
उजेडाकडे धरून बघितलं.
मग म्हणाला, “छान निघालाय.”
आणि त्या दिवशी,
त्या एकाच दिवशी,
रोख पैसे दिले.

काय होतं हो बाहीवर?
तुम्हालाही सांगता येणार नाही म्हणा.
तुमच्याकडे त्याचं जे छापलेलं आहे
ते कागदावर सुचलेलं.

अकरावा शर्ट न्यायला कुणी आलं नाही.
माझ्या फिन्टननं घातला दोन वर्षं,
खांद्यात फाटला, मग पोतेरं झालं,
मग खिडकीच्या फटीत गेला.
हो, तोच. कफच आहे तो,
डाव्या हाताचा की उजव्या, आठवत नाही.
फिकट काही दिसतंय म्हणता?
असेल. तेव्हा माझे हात सुजलेले,
जोर नव्हता.

ओढू नका, साहेब.
वारा फार येतो तिथून.
न्यायचाच असेल तर आधी कापूस आणा फटीसाठी,
आणि दारामागचं मिटवा.
अकरा शर्ट.
चादर सोडा.