ड्रेपरीवालीचा अभिप्राय

छत्तीस भाग पाहिले मी, माशेलच्या दुकानात,
मोबाइल शिलाई मशीनला टेकवून,
डाव्या हाताला भाड्याहून परतलेले सात जिरेटोप,
उजव्या हाताला इस्त्रीची वाट बघणारे राक्षस.
लावून दिली शर्वाणीने.
कुंडईच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून येते ती,
चहात पोई बुडवते आणि म्हणते,
मावशे, चिनी आहे, पण तू कपडे तरी बघ.

बघितले.
स्वर्गात दिवे लावणारी एक मुलगी.
तिच्या हातून वात निसटते, खाली अख्खा डोंगर जळतो,
म्हणून शिक्षा: माणसाचा जन्म, तोही शिंपिणीचा.
तिच्या एकेका बाहीला चार वार कापड, सहज.
वरून राखी, अस्तर जांभळे,
ती वळली तरच जांभळे दिसणार,
नाही वळली तर नाही.
हे ज्याने बेतले त्याला मी इथे बोलावून
केळीच्या पानावर जेवू घालीन.

पण बाई शिंपीण ना तू?
मग सुई अशी धरतात, चमच्यासारखी?
सहाव्या भागापासून नवव्यापर्यंत
सेनापतीचा अंगरखा शिवत बसली आहे
आणि सुईत दोराच नाही.
मी थांबवून थांबवून बघितले.
नाही.

सेनापती देखणा. इतका, की लढाईत भांग मोडत नाही.
बर्फ पडतो तो केसांवर वितळत नाही.
चौदा ते बावीस नुसते पाणी घातलेले:
तो तिला विसरतो, ती आठवण देते,
त्याला आठवते तोवर ती विसरते.
कोण कोणाचा सावत्र भाऊ, देव जाणे.
खालची इंग्रजी अक्षरे शर्वाणी वाचून सांगायची,
ती पेंगली की मीच संवाद घालायचे.
राजमातेला मी आमच्या जुन्या नाटकांची भाषा दिली,
‘कोण आहे रे तिकडे’ वगैरे,
तिच्या ओठांना ती नेमकी बसली.
राजमाता मात्र खरी नटी.
विष कालवते, पेला खाली ठेवते, आवाज होत नाही.

आणि सतरावा भाग.
त्यात काहीच घडत नाही.
तो लिहीत बसलेला, ती शेजारी दिवा धरून,
तिची बाही दौतीत पडणार एवढ्यात
तो न बघता लेखणीच्या टोकाने ती वर उचलतो
आणि पुढची ओळ लिहितो.
संगीत नाही, पाकळ्या नाहीत.
मी मशीनवरचा पाय काढला,
चाक आपले आपण थोडा वेळ फिरत राहिले.

म्हणून ती बाही मी शिवली.
जत्रेच्या नाटकात, राणीच्या कामासाठी, अस्तरासकट.
दुसऱ्या अंकात कमलाक्षी वळली
आणि बाही दिव्याच्या खांबाला अडकली,
खांब हलला, अर्धा दरबार काळोखात.
विंगेतून पुंडलीकबाब ओरडले,
ही राणी की वाळत घातलेली चादर?
चूक माझी. तिकडे वारा पगारी असतो.
इथे जो येतो तो मांडवीवरून, त्याच्या मर्जीने.

तरी एक सांगते.
शेवटच्या भागात सेनापती मेला, सुरेख मेला,
शर्वाणीची पोई चहात विरघळून गेली.
आणि दोन मिनिटांत त्याला उठवले!
कुठलासा मणी, कुठलासा प्रकाश,
की झाला बाप्या ठणठणीत.
मग आम्ही रडलो ते परत द्या.

आमच्या नाटकात आनंदू सुतार मेला पहिल्या अंकात.
अठरा मिनिटे पडून होता समईजवळ,
नाकावर डास बसला, मी विंगेतून बघत होते,
फुगला, उडाला, पुन्हा बसला.
आनंदू हलला नाही.
पडदा जमिनीला टेकल्यावर
त्याने आधी नाक खाजवले,
मग विचारले, राणीच्या बाहीचे काय झाले?