नववीत पाणी

साकोलीच्या भाड्याच्या खोलीत, कूलरच्या घरघरीत
मी ठिपक्यांना वर्ग वाटतो.
जमीन दुसरीत. धुऱ्यावरचं गवत तिसरीत,
तूर चौथीत, मोह पाचवीत,
घरं सहावीत, बोडीचं पाणी थेट नववीत.
आमच्या गावच्या शाळेत सातवीपुढे वर्गच नव्हता.

विमान मार्चात गेलं, मोह गळताना.
एकच किरण तीनदा परतला: शेंड्यावरून, फांदीवरून,
आणि खालच्या झाडून ठेवलेल्या जागेवरून.
तलावानं मात्र किरण ठेवूनच घेतले.
तणसाच्या ढिगाला सॉफ्टवेअर घर समजतं.
ते मी दुरुस्त करतो, दिवसाला चाळीस ढीग.

बोडीवर, बारा मीटर उंच, दोन ठिपके,
कशालाच न टेकलेले.
नियमानं गोंगाट. वर्ग अठरा.
"सारस असतीन जी," मी म्हटलं.
कापगते सर म्हणाले, "सारसाले वर्ग नाही. टाक."
टाकले.

मोहाखाली एक उरला,
जमिनीपासून हातभर वर.
टोपली? वेचणारीची वाकलेली पाठ?
तिसरीत घातला तर गवत होईल.
जेवून आलो, तरी तिथंच.
पहिलीत बसवलाय सध्या,
काहीच न ठरलेल्यांत.
पहिलीत कुणाला नापास करत नाहीत.