गोठा

येम्टलंडमध्ये बर्फ धरला की
गुनव्हॉर गोठ्यात कॅराव्हॅन बांधते.
गाई विकून नऊ वर्षं झाली,
दावणीवरच्या पाट्या तशाच:
मायरोस, शेर्ना, लिल्या.
आता तिथे सतरा कॅराव्हॅन, दोन मोटरसायकली,
प्रत्येकीच्या पुढ्यात चार्जरचा
एकेक हिरवा डोळा.

सकाळी मीटर घेऊन फिरते.
बारा पॉइंट सात. खाल्लंय नीट.
बारा पॉइंट दोन. का गं, रुसलीस?
टोकांवर धरलेली पांढरी बुरशी
सोड्याच्या कोमट पाण्यानं पुसते,
जुन्या टूथब्रशनं,
कास धुवावी तशी.

शेर्नाच्या जागी उभी आहे
ऊस्टेन आणि बिर्गितची.
ती दोघं फेब्रुवारीत वेगळी झाली,
गाडी कोणाची ते वकील बघतायत.
ऊस्टेननं भाडं पाठवलं, सोबत चिठ्ठी:
बॅटरी मरू देऊ नका.
आठवड्यानं बिर्गितचं आलं.
तेवढेच पैसे, तेच वाक्य,
फक्त एक 'प्लीज' जास्त.

गुनव्हॉरनं दोघांच्याही पावत्या फाडल्या.
जादाचे परत करायचे राहिलेत.
करीन, म्हणते, बर्फ वितळला की,
दोघं एकाच दिवशी आली तर.

तोवर शेर्नाची तार तेवढी
उंदरांपासून जपायची.