मानस

बांबोळीच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
झायलीनचा वास कधीच न जाणाऱ्या खोलीत
मी काचपट्टी भिंगाखाली सरकवते.
चोडणचे सगुण गावस, वय एकसष्ट.
आतड्याचा तुकडा, उकड्या तांदळाच्या दाण्याएवढा.

व्यवसायाच्या रकान्यात लिहिलंय : मानस सांभाळणे.
नवी पोरगी म्हणाली, मॅडम, मन सांभाळणे म्हणजे?
मी हसले. अगं, खाजनाच्या बांधातलं लाकडी दार.
ओहोटीला उघडतं, भरतीला मिटतं.
खारं पाणी भातात शिरू द्यायचं नाही,
एवढंच त्याचं काम.

पेशीच्या केंद्रकातही असतो असा एक राखणदार.
जनुकांच्या पोथीवर हात ठेवून ठरवतो,
कुठलं पान आता वाचायचं.
नक्कल चुकली की म्हणतो, थांब.
दुरुस्त होत नसेल तर म्हणतो, मर.
या दोन शब्दांवर
माणूस साठ वर्षं उभा असतो.

निरोगी पेशीत तो जवळपास दिसतच नाही.
येतो, बघतो, विरून जातो,
बांधावर बॅटरी फिरवून गेलेल्या माणसासारखा.
इथे मात्र शंभरातली नव्वद केंद्रकं
गच्च तपकिरी.

एवढे राखणदार! मग चांगलंच की, पोरगी म्हणते.

नाही गो.
एक अक्षर बदललंय त्याच्यात. एकच.
डीएनएच्या दोरीवर पकड बसत नाही,
हुकूम सुटत नाही,
आणि त्याला माघारी नेणाऱ्यालाही
त्याच्याच हुकमाशिवाय बोलावणं जात नाही.
म्हणून साचलेत नुसते, दाराशी,
आणि पाणी त्यांच्या पायांमधून आत चाललंय.

अहवालात लिहिते : रंजन तीव्र, नव्वद टक्के.
पुढचं काय, यासाठी आलेख आहेत,
पाच वर्षांचे, उतरत्या पायऱ्यांचे.
हजार माणसं मिळून झालेली एक रेघ.
तिच्यावर चोडण कुठे आहे, दिसत नाही.

खिडकीशी ते स्वतःच आले, कागद न्यायला.
वाचला नाही. घडी घालून खिशात ठेवला.
म्हणाले, बाये, वेळ लागेल काय पुढे?
पुनवेची भरती मोठी असते,
खालची फळी बदलायची राहिलीय.
दिसायला सगळ्यांत टणक तीच,
बोट लावलं की आत जातं.

मी म्हटलं, डॉक्टरांना भेटून जा.
ते रायबंदरच्या फेरीची वेळ विचारत होते.