काठ

आधी बादलीभर पाणी शिंपड, सत्यव्वा,
फरशी अजून तव्यासारखी आहे.
मग सांगते.

वेणू म्हणाला, आई, सुट्टी आहे, कँपिंगला जाऊ.
मला वाटलं हॉटेल असेल, लिफ्ट असेल.
गाडीच्या टपावर बांधलं काय, तर एक कापडाचं घर,
गाद्या, शेगडी, चार ताटं, कांद्याची पिशवी.
शेजारचं म्हातारं जोडपं तर
खुर्च्या, कुंडी, कुत्रं
आणि खिडकीचा पडदासुद्धा घेऊन आलेलं.
चांगल्या विटांच्या घराला कुलूप लावून
ही माणसं वाऱ्यात राहायला येतात.
वर पैसे भरून.

झीलंड म्हणतात त्या भागाला.
जमीन खाली, समुद्र वर. खोटं नाही सांगत.
मधे बांध, त्याच्या उतारावर मेंढरं चरतात.
चढून गेलं की पलीकडे पाणीच पाणी,
आणि मागे वळून पाहिलं तर आपला तंबू
त्या पाण्याहून खाली,
वाळत घातलेल्या माझ्या साडीसकट.
ती म्हातारी म्हणे, लहान असताना एकदा आलं होतं आत,
आता येत नाही.
पहिल्या रात्री मी बसून काढली.

रात्र तरी कसली.
दहा वाजले तरी ऊन,
सुटीचा भोंगाच होत नाही अशी पाळी.

भांडी घासायला सगळ्यांचा एकच कट्टा, आठ नळ.
हातात टब घेऊन रांग.
कुणी दाढी करतंय, कुणाचं पोर साबण डोळ्यांत गेला म्हणून रडतंय,
संडासाकडे निघालेला माणूस ओळख नसताना हसतोय.
अगं, ही तर चाळ!
आमच्या मिलच्या चाळीत नळ दोन होते, भांडणं बारा.
इथं भांडण नाही.
आठही नळांना पाणी, दिवसभर.
मी प्रत्येक वेळी घट्ट बंद करून यायची,
दुसऱ्यांचेसुद्धा.

आणि दोरी-दोरीवर टॉवेल.

तेवीस वर्षं मी टॉवेलला शिवण मारते.
निळा पट्टा, केशरी पट्टा, खोक्यावर 'बीच' लिहिलेलं,
एका पाळीत चारशे काठ.
खोकी जातात कुठं, कधी विचारलं नव्हतं.
तर दुपारी सगळे पाण्यावर गेले की
मी एकेक टॉवेल उलटून बघत गेले.
शिवण चांगली. पण कोपऱ्यात दुहेरी टाका नाही.
आपला नव्हे. हाही नव्हे.
सतरा झाले.
अठराव्याला ती म्हातारी मागे उभी.

मेले मी शरमेनं.
हातानं मशीन चालवून दाखवली,
छातीवर बोट ठेवलं: मी, मी.
ती आत गेली आणि आपला टॉवेल घेऊन आली,
विटलेला, एका बाजूनं उसवलेला,
सोबत सुई.
तिला वाटलं, बाई काम शोधते आहे.
मग काय करू? शिवून दिला.
कोपऱ्याला दुहेरी टाका घालून.
तिनं मुरंब्याची बरणी दिली, ती बघ, चिंचेसारखा लागतो.
टॉवेल कुठला होता म्हणतेस?
चिठ्ठी होती गं काठाला,
धुऊन धुऊन कोरी झालेली.

समुद्र केवढा?
हिप्परग्याच्या तलावावर उभी राहा
आणि पलीकडचा काठ पुसून टाक.
तेवढा.

ती चादर इकडे ओढ. चारी कोपऱ्यांवर दगड ठेव.
वारा नाही, माहीत आहे मला.
बारा दिवसांत हाताला सवय लागली.

झोप लागली तर लागू दे.
पाचवा दिवस आज, तीनला पाणी सुटेल.
नळ उघडा ठेवून आले आहे,
खाली पितळेची घागर.
आवाज झाला की उठू.