पाच टक्के

पहाटे साडेपाच. उणे एकवीस.
इर्मेली कत्तलखान्याच्या मागच्या दाराशी.
सेप्पो थर्माकोलचा डबा पुढे करतो, सही घेतो:
डुकरांचे डोळे, नग चोवीस.
"आज दोन निळे आहेत," तो सांगतो,
जणू तिने मागितले होते.

गोठलेल्या कल्लावेसीच्या कडेने ती गाडी हळू हाकते.
शेजारच्या सीटवर डबा,
त्याला पट्टा लावलेला,
लहान मुलाला लावतात तसा.

डोळ्याइतकं माणूसघाणं घर दुसरं नाही.
थेंब आला की पापणी त्याला हुसकून लावते,
आसवं धावत येऊन उंबरा धुऊन काढतात,
उरलंसुरलं नाकावाटे घशात.
शंभरातले पाच भाग आत शिरतात,
तेही ओसरीपर्यंत.
माजघरात, पार मागच्या पडद्यापाशी
जायचं तर सुई.

तौनोला, तिच्या बापाला, दर सहा आठवड्यांनी सुई.
जन्मभर लोकांचे पियानो सुरात लावत हिंडलेला माणूस
खुर्चीचा हात घट्ट धरतो.
"बाकी कुठलंही दुखणं
डोळे मिटून सोसता येतं गं," म्हणतो,
आणि पुढे काही बोलत नाही.

ती कोळंबीच्या कवचांची भुकटी आम्लात विरघळवते,
औषध त्यात गुंडाळते.
केसाच्या रुंदीत चारशे कण
खांद्याला खांदा लावून उभे राहतील
एवढा एकेक.
तो दार ठोठावत नाही, वाद घालत नाही.
डोळ्यावरच्या ओल्या, चिकट थराला बिलगून
नुसता बसून राहतो,
वसुलीला आलेला माणूस पायरीवर बसतो तसा.
आसवं येतात, जातात.
हा उठत नाही.

निदान वहीत तरी असं लिहिलंय.

अकरा आठवडे काचेखाली काळोख.
आज, सतराव्या डोळ्याच्या कापात,
मागे, खूप मागे,
हिरवा ठिपका.
ती भिंग पुसते. पुन्हा बघते.
दुसरी काच लावते. आहे.

मग आठवतं:
मेलेला डोळा रडत नाही.
त्याला पापणी नाही, पापणीमागे भीती नाही.
वहीत ती तारीख घालते, आणि ठिपक्यापुढे
पेन्सिलीने प्रश्नचिन्ह.

रविवारी तौनो विचारतो, "अजून किती?"
"दहा वर्षं. कदाचित."
तो बोटांवर मोजतो, अठ्ठ्याऐंशीशी थांबतो.
"डुकरांना माझा निरोप सांग," म्हणतो,
आणि रात्रीच्या थेंबासाठी मान मागे टाकतो.

ती खालची पापणी ओढून धरते.
थेंब पडतो. डोळा मिटतो,
जे त्याला येतं तेच करतो.
गालावरून ओघळ हनुवटीकडे निघालेला
ती अंगठ्याने अडवते.

"कडू," तो म्हणतो.